पोकळीचा पत्ता

भोसरीच्या एमआयडीसीत सकाळची पाळी सुरू झालेली असते. सीएनसी मशीनच्या टेबलावर एक ओतीव लोखंडी जॉब बांधलेला असतो; एखाद्या पंपाचं घर म्हणा, नाहीतर ट्रकच्या ब्रेकचा भाग. फाउंड्रीत ओतून, वाळू झाडून, ग्राइंडिंग करून, टेम्पोतून तो इथवर आलेला. दोन बाजूंचं मिलिंगही झालेलं. बाहेरून बघाल तर खोट काढायला जागा नाही. तिसऱ्या भोकासाठी ड्रिल आत शिरतं आणि त्याचा आवाज बदलतो. ऑपरेटरला ते कानानेच कळतं. ड्रिल बाहेर घेऊन तो आत टॉर्च मारतो. भोकाच्या भिंतीत एक खडबडीत, वेडीवाकडी पोकळी.

“श्रिंकेज आहे,” तो म्हणतो आणि जॉब उचलून लाल ट्रेमध्ये ठेवतो.

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात या शब्दाने किती रात्रीच्या पाळ्या खाल्ल्या असतील, याची मोजदाद कुणी केलेली नाही. जॉब फाउंड्रीतच फुटका निघाला तर परत भट्टीत जातो आणि वीज तेवढी वाया जाते. इथे मात्र वीज गेली, वाळू गेली, वाहतूक गेली, मशीनचे तास गेले, आणि पुढे गाडीची असेंब्ली त्या एका भागासाठी थांबली तर मोठ्या कंपनीचा फोन येतो तो वेगळाच. इंजिनिअरिंग कॉलेजातलं संशोधन खऱ्या जगाच्या काय कामाचं, असं मला कुणी विचारलं, तर मी या पोकळीची गोष्ट सांगतो. उपग्रहाची किंवा रोबोची गोष्ट जास्त देखणी आहे हे खरं. पण या पोकळीमागचं विज्ञान ज्या वाटेने भट्टीपर्यंत पोचलं, ती वाट मला जास्त शिकवून गेली.

पोकळी मुळात पडते का, हे आपल्या स्वयंपाकघरात दिसतं. लोणी कढवून गरम तूप बरणीत ओतून ठेवा. थिजल्यावर मध्ये खळगा पडलेला दिसेल. तूप कडेने आधी थिजतं आणि थिजताना आक्रसतं. जेवढं आक्रसतं तेवढी भरपाई ते मधल्या पातळ तुपातून ओढून घेतं. शेवटी मधलं तूप थिजायची वेळ येते तेव्हा त्याला भरपाई द्यायला कुणी उरलेलं नसतं. पाणी तेवढं उलट वागतं, बर्फ होताना सुमारे ९ टक्के फुगतं. धातू बहुतेक तुपाच्या बाजूचे. पोलाद थिजताना साधारण ३ टक्के आक्रसतं आणि ॲल्युमिनियम ६ टक्क्यांहून थोडं जास्त. बरणीचं तोंड उघडं असल्यामुळे तुपाचा खळगा वर दिसतो. वाळूच्या साच्यात मात्र सगळीकडून कवच आधी तयार होतं आणि खळगा पोटात दडतो. हेच श्रिंकेज. जो भाग सगळ्यात शेवटी थिजतो, तिथे तो असतो.

ओतारी समाजाला आणि नंतरच्या फाउंड्रीतल्या मोल्डरना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. त्यावरचा उपायही त्यांच्याकडे होता: जॉबच्या शेजारी किंवा डोक्यावर जास्तीच्या धातूचा साठा ठेवायचा. त्याला रायझर म्हणतात. जॉब थिजेपर्यंत रायझर पातळ राहिला पाहिजे. म्हणजे तो जॉबला पाजत राहील आणि पोकळी स्वतःच्या पोटात घेईल. नंतर रायझर कापून टाकायचा. प्रश्न एवढाच, की रायझर ठेवायचा कुठे आणि केवढा? जुना मोल्डर डोळ्याने ठरवायचा. त्याचा अंदाज शंभरात ऐंशी वेळा बरोबरही यायचा. पण तो निवृत्त झाला की अंदाजही त्याच्याबरोबर घरी जायचा, आणि नवीन आकाराचा जॉब आला की ऐंशीचे पन्नास व्हायचे.

इथे पहिला मोठा टप्पा आला १९४० मध्ये. चेकोस्लोव्हाकियातल्या स्कोडा कारखान्याशी जोडलेले निकोलाय ख्वोरिनोव यांनी ओतकाम थिजायला लागणाऱ्या वेळाचं एक साधं सूत्र मांडलं. जॉबच्या आकारमानाला त्याच्या पृष्ठफळाने भागा. येणाऱ्या आकड्याचा वर्ग करा. थिजण्याचा वेळ त्या वर्गाच्या प्रमाणात असतो. उष्णता साठते आकारमानात आणि बाहेर पडते पृष्ठभागातून, एवढंच त्यामागचं कारण.

सूत्र किती बोलकं आहे ते हिशेब केल्याशिवाय कळत नाही. दहा सेंटिमीटर बाजूचा पोलादी ठोकळा घ्या. आकारमान १००० घन सेंटिमीटर, पृष्ठफळ ६०० चौरस सेंटिमीटर, भागाकार १.६७. आता तेवढंच पोलाद वीस बाय वीस बाय अडीच सेंटिमीटरच्या पाट्यात ओता. आकारमान तेच १०००, पण पृष्ठफळही १०००, म्हणून भागाकार १. वर्ग करून पाहिलं तर ठोकळ्याला थिजायला पाट्याच्या पावणेतीन पटींहून थोडा जास्त वेळ लागतो. वजन सारखं, धातू सारखा, साचा सारखा. बदलला फक्त आकार.

आता त्या ठोकळ्याला रायझर लावू. रायझर जॉबनंतर थिजला पाहिजे, म्हणून त्याचा भागाकार जॉबच्या सुमारे १.२ पट धरतात, म्हणजे २. जेवढा व्यास तेवढी उंची अशा नळकांड्यासाठी हा भागाकार व्यासाच्या सहाव्या हिश्शाएवढा येतो. तेव्हा व्यास १२ सेंटिमीटर, उंची १२ सेंटिमीटर, आणि आकारमान जवळजवळ १३५७ घन सेंटिमीटर. हिशेब ढोबळ आहे, तरी पुन्हा वाचा: १००० घन सेंटिमीटरचा जॉब नीट यावा म्हणून त्याहून मोठा रायझर ओतायचा आणि कापून पुन्हा भट्टीत टाकायचा. विकलं जातं आठ किलोच्या आतबाहेर, वितळवायचं मात्र अठरा किलोंहून जास्त. इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला साधारण ५५० ते ६५० युनिट वीज लागते, हे लक्षात घेतलं की रायझरचा आकार म्हणजे थेट वीजबिलाचा आकार आहे हे समजतं. रायझरभोवती उष्णता अडवणारी स्लीव्ह बसवून तो व्यास १२ वरून ९ सेंटिमीटरवर आणता आला, तर रायझरचा धातू निम्म्याहूनही कमी होतो. असा फरक दिवसाला शेकडो साच्यांत पडत गेला की छोट्या फाउंड्रीचं वर्ष तरतं किंवा बुडतं.

अडचण अशी, की खरा जॉब ठोकळाही नसतो आणि पाटाही नसतो. त्याला फासळ्या असतात, बोल्टसाठी जाड बॉस असतात, पातळ भिंतींना जाड कडा भेटलेल्या असतात, आत कोअर बसवून पोकळ ठेवलेल्या वाटा असतात. कुठल्या भागाचं आकारमान आणि कुठलं पृष्ठफळ घ्यायचं, इथेच हातातला कागद संपतो. उष्णता वहनाचं मूळ समीकरण फूरिए यांनी १८२२ मध्येच दिलं होतं. पण असल्या आकारावर ते सोडवायचं तर आकाराचे लाखो तुकडे करून प्रत्येकाचा हिशेब ठेवायला संगणकच हवा. डेन्मार्क आणि जर्मनीच्या विद्यापीठांत त्यावर काम झालं आणि आखेनमध्ये १९८८ मध्ये मॅग्मा ही कंपनी उभी राहिली. पुढे तिचं सॉफ्टवेअर जगभरच्या मोठ्या फाउंड्र्यांत गेलं. मोठ्या फाउंड्र्यांत, हे महत्त्वाचं. ज्या शेडमध्ये मालक स्वतःच खरेदी, विक्री आणि मेटलर्जी सांभाळतो, तिथे परदेशी सॉफ्टवेअरचा परवाना आणि ते चालवणारा जाणकार ही दोन्ही स्वप्नंच होती.

मला आवडतो तो पुढचा भाग, कारण तो आपल्याकडे घडला. पवईच्या आयआयटी मुंबईत यंत्र अभियांत्रिकी विभागात प्रा. बी. रवी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ओतकामाच्या संगणकीय रचनेवर अनेक वर्षं काम केलं. त्यातून ऑटोकास्ट हे सॉफ्टवेअर आलं. त्यामागच्या पद्धतीचं नाव व्हेक्टर एलिमेंट मेथड. तिची कल्पना आपल्या पट्ट्यातल्या माणसाला एका दमात समजेल अशी आहे.

आळंदीच्या घाटावर उभे राहा आणि इंद्रायणीच्या प्रवाहाच्या उलट चालू लागा. देहू मागे टाकत, कामशेत मागे टाकत तुम्ही लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या डोंगरात पोचाल. मध्येच एखाद्या ओढ्याने वर गेलात तर दुसऱ्या माथ्यावर पोचाल. पाणी उतारावरून खाली वाहतं, म्हणून उलट चालणारा माणूस नेमका माथा गाठतो. थिजणाऱ्या जॉबमध्ये उष्णतेचंही तसंच. ती गरम भागाकडून थंड कवचाकडे वाहते. तेव्हा आतल्या कुठल्याही बिंदूवर उभं राहून उष्णता कुठल्या दिशेला किती वाहते ते काढायचं आणि तिच्या बरोबर उलट पाऊल टाकायचं. पुन्हा दिशा काढायची, पुन्हा उलट पाऊल. असं करत गेलं की शेवटी आपण सगळ्यात उशिरा थिजणाऱ्या जागी, म्हणजे हॉटस्पॉटवर पोचतो. पोकळीचा पत्ता तोच. निरनिराळ्या बिंदूंपासून सुरुवात केली की जॉबमध्ये असे किती माथे आहेत तेही कळतं, आणि चालून आलेल्या वाटा म्हणजेच पातळ धातूने भरपाई पोचवण्याच्या वाटा. सगळ्या जॉबचं तापमान क्षणाक्षणाला मोजत बसण्यापेक्षा हा रस्ता पुष्कळ जलद आहे. साध्या संगणकावर, कमी शिकलेल्या माणसालाही, रायझर इकडून तिकडे हलवून “आता काय होईल?” हे पुन्हापुन्हा विचारता यावं, यासाठी तो वेग हवा होता.

पुढे याच गटाने ई-फाउंड्री नावाने धडे आणि सिम्युलेशनची सोय इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध केली. जॉबचं त्रिमिती मॉडेल पाठवायचं आणि तो कसा थिजेल याचं रंगीत चित्र परत मिळवायचं. विद्यार्थ्यासाठी ही प्रयोगशाळा आहे, आणि ज्याच्याकडे काहीच नाही अशा छोट्या कारखानदारासाठी पहिला दरवाजा. संशोधन लेखात छापून थांबलं असतं तरी प्राध्यापकांना बढती मिळाली असती. ते पडद्यावर एका बटणाएवढं सोपं करून देणं हे वेगळं, वेळखाऊ काम आहे, आणि माझ्या मते संशोधनाइतक्याच मानाचं आहे.

अशा चित्राचा सगळ्यात मोठा उपयोग कुठे होतो, हे मला बऱ्याच उशिरा उमगलं. फाउंड्री रायझर वाढवते, कमी करते, चिल (उष्णता लवकर ओढणारा धातूचा तुकडा) लावते, पण कित्येकदा मूळ दोष ड्रॉइंगमध्येच असतो. भाग डिझाइन करणाऱ्या तरुण इंजिनिअरने ताकदीचा विचार करून तीन फासळ्या एकाच ठिकाणी आणून मिळवलेल्या असतात. ताकद मिळते, आणि त्याच सांध्यात धातूचा गठ्ठा जमून माथा तयार होतो. फासळ्या थोड्या सरकवल्या, मधला गठ्ठा पोखरला, तर रायझरच लागत नाही. जॉब ओतण्याच्या सहा महिने आधी हे त्या डिझाइनवाल्याला दाखवता आलं, तर लाल ट्रेची वेळच येत नाही. चाकणला १९९९ मध्ये बजाजचा कारखाना आला, २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज आल्या, मग महिंद्रा. प्रत्येक मोठ्या कारखान्यामागे पुरवठादारांची साखळी लागली. त्या साखळीत डिझाइनवाला आणि ओतणारा यांच्यामध्ये चारचार कागदी पायऱ्या असतात. एक रंगीत चित्र त्या चारही पायऱ्या ओलांडून दोघांना एका टेबलाशी बसवतं.

तरीही सिम्युलेशनला देव मानू नये. संगणकाला जे सांगितलं तेवढंच तो धरतो. जॉब आक्रसला की साचा आणि जॉब यांच्यात हवेची बारीक फट पडते आणि उष्णता बाहेर जाण्याचा वेग बदलतो. तो किती बदलतो, हे शेवटी प्रत्यक्ष साच्यात तापमान मोजणारे थर्मोकपल घालूनच काढावं लागतं. राखाडी बीडात ग्राफाइट तयार होताना धातू थोडा फुगतो आणि आक्रसणं काही प्रमाणात भरून काढतो, त्यामुळे पोलादाचा हिशेब तिथे जसाच्या तसा लावला तर रायझर उगाच मोठा होतो. आणि सगळ्या पोकळ्या श्रिंकेजच्या नसतातच. पावसाळ्यात वाळूत ओल जास्त राहिली की वाफ धातूत अडकते आणि ब्लोहोल पडतात. मुरलेला मोल्डर नखाने चाचपून सांगतो: भिंत गुळगुळीत, गोलसर, चकाकती असेल तर गॅस; खडबडीत, काटेरी असेल तर श्रिंकेज. काटे का? कारण शेवटचा धातू झाडाच्या फांद्यांसारख्या स्फटिकांत थिजतो आणि भरपाई न मिळाल्याने त्या फांद्या उघड्या पडतात. हा फरक न ओळखता नुसता रायझर वाढवत नेला, तर वीजबिल वाढतं आणि भोक तिथेच राहतं. प्रयोगशाळेला नेमका प्रश्न विचारायला हा नखाचा अनुभवच लागतो.

म्हणूनच मला काळजी वाटते ती ज्ञान कारखान्यापर्यंत पोचण्याची कमी, आणि प्रश्न कॉलेजपर्यंत पोचण्याची जास्त. कॉलेजं लांब नाहीत. शिवाजीनगरचं सीओईपी १८५४ मध्ये सार्वजनिक बांधकामाच्या कामासाठी माणसं घडवायला सुरू झालं, म्हणजे त्याचा जन्मच साइटच्या गरजेतून झाला. निगडीत १९९९ पासून पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग आहे, आकुर्डीत आणखी कॉलेजं आहेत. शेवटच्या वर्षाची मुलं “स्पॉन्सर्ड प्रोजेक्ट” शोधत दरवर्षी भोसरी-चाकणच्या गेटांवर उभी असतात. पण पुरवठादाराला आपलं रिजेक्शन किती हे चारचौघांत सांगायची भीती असते; मोठ्या गिऱ्हाइकाच्या कानावर गेलं तर ऑर्डर जाईल. मग मुलाला एखादा निरुपद्रवी विषय देऊन वाटेला लावतात. तो कुणालाही नको असलेलं यंत्र वेल्ड करून आणतो, त्याचा काळ्या बांधणीचा अहवाल कपाटात जातो, आणि चाळीस पावलांवर लाल ट्रे भरत राहतो. एका मुलाला तीन महिने फक्त त्या ट्रेशेजारी बसवलं, प्रत्येक जॉब करवतीने कापून पोकळीची जागा, वाळूची ओल, ओतण्याचं तापमान आणि वेळ वहीत लिहायला लावलं, तर ती वही एखाद्या पीएचडीची सुरुवात होऊ शकते. मला हे मनापासून वाटतं.

ड्रिलने सापडली ती पोकळी एका अर्थी भाग्याची. न सापडता गाडीत बसलेली पोकळी वेगळंच काम करते. १८४२ मध्ये फ्रान्समध्ये व्हर्सायहून परतणाऱ्या आगगाडीचा आस मोडून मोठा अपघात झाला. त्यानंतर लोखंड “थकतं” कसं, हा प्रश्न युरोपभर गाजला. जर्मन रेल्वेतले ऑगस्ट व्होलर यांनी आस हजारो, लाखो वेळा वळवून-वाकवून दाखवलं, की एका झटक्यात न मोडणारा धातू त्याहून कितीतरी कमी भाराच्या असंख्य हेलकाव्यांनी मोडतो. चीर सुरू व्हायला अशी लपलेली पोकळी पुरते. चाकण-तळेगाव रस्त्यावर लदलेला ट्रक खड्ड्यांतून जातो तेव्हा त्याच्या प्रत्येक ओतीव भागाची हीच परीक्षा चाललेली असते. ती आधीच घ्यावी यासाठी पुण्यात १९६६ मध्ये उद्योग आणि सरकार यांनी मिळून वेताळ टेकडीवर एआरएआय ही वाहनांची चाचणी-संस्था उभी केली. फोर्जिंगसाठीचा तिचा विभाग आता चाकणलाच आहे. भोसरीत बसगाड्यांसाठी सीआयआरटी ही संस्था आहे. या संस्था विद्यापीठं नव्हेत, पण विद्यापीठातलं सूत्र आणि रस्त्यावरचा खड्डा यांची गाठ त्यांच्या चाचणीयंत्रांवर पडते.

कॉलेजचं काम साच्याच्या वाळूलाही लागतं, तेही सांगायला हवं. एकदा ओतलेली वाळू पुन्हा वापरतात, पण थोडी दर वेळी जळून निकामी होते आणि तिचे ढीग साचतात. तिच्यातला काही हिस्सा काँक्रीटमध्ये नदीच्या वाळूऐवजी वापरता येतो, असं स्थापत्य विभागांतले प्रयोग दाखवतात. बेंटोनाइट मातीने बांधलेली वाळू त्यातल्या त्यात सरळ. रासायनिक बाइंडर असलेली वाळू आधी तपासावी लागते, कारण तिच्यातून पाझरणारं पाणी शेवटी पवना-इंद्रायणीतच जाणार.

आता या पट्ट्याखालची जमीन पुन्हा हलते आहे. आकुर्डीत ज्या आवारात जुनी चेतक स्कूटर बनत असे, तिथेच २०२२ च्या जूनमध्ये विजेवरच्या चेतकचा नवा कारखाना सुरू झाला. विजेच्या गाडीला लोखंडी इंजिन ब्लॉक लागत नाही. तिला लागतात ॲल्युमिनियमची मोटार-घरं, कंट्रोलरची खोकी, बॅटरीच्या पेट्या. तीही वाळूत न ओतता पोलादी डायमध्ये प्रचंड दाबाने, सेकंदाच्या काही भागात भरलेली; अशी एक भरणी म्हणजे एक शॉट. ख्वोरिनोव यांचं सूत्र इथेही खोटं ठरत नाही, पण पोलादी डाय उष्णता इतक्या झपाट्याने ओढते की त्यातला स्थिरांक पार बदलतो. शिवाय दाबाने घुसणारा धातू हवा स्वतःबरोबर कोंडून नेतो, म्हणून पोकळी आक्रसण्याची की कोंडलेल्या हवेची, हा जुना वाद नव्या रूपात परत आला आहे. भिंती पातळ, आणि आत शीतकाचं पाणी फिरणार, म्हणून सुईच्या टोकाएवढी गळतीही चालत नाही.

चाकणच्या डायकास्टिंग शॉपमध्ये त्यासाठी शेवटच्या टेबलावर पाण्याची टाकी असते. मोटारीचं घर सगळ्या तोंडांना बुचं मारून, आत हवेचा दाब देऊन पाण्यात बुडवतात. तपासणारी मुलगी टाकीच्या काचेला नाक लावून बघत राहते. कोपऱ्यातल्या एका बॉसजवळून बारीक बुडबुड्यांची माळ वर येऊ लागते. ती जॉब बाहेर काढते, त्या जागेवर निळ्या मार्करने गोल करते, आणि गोलाशेजारी शॉटचा नंबर लिहिते.